परिषदेत वाचलेला नगररचनेचा पेपर पुढे कुठे जातो?

ओसरी
मंगळवार, रात्री 10:47

पुण्यात नगररचना शिकवते, सोबत पीएचडी रडतखडत चालू आहे. गेल्या आठवड्यात दुसऱ्या राज्यात एका राष्ट्रीय परिषदेत पेपर वाचून आले. विषय: सिग्नलला पायी रस्ता ओलांडणारी म्हातारी माणसं. मी आणि माझे दोन विद्यार्थी, स्टॉपवॉच आणि पॅड घेऊन मध्यवस्तीतल्या पाच चौकांत आळीपाळीने उभे होतो.

हिशेब तिसरीतल्या पोराला जमेल असा आहे. आपल्याकडे सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात. रस्ता 24 मीटर असेल तर 20 सेकंद पुरे. गुडघे धरलेली बाई सेकंदाला 0.8 मीटरने चालली तर तिला 30 लागतात. वरचे दहा सेकंद तिने काढायचे कुठे? दुभाजकावर, नाहीतर दुचाक्यांच्या तोंडासमोर. एका सकाळी अशाच एक आजी दुभाजकाला टेकून थांबलेल्या. हातात कापडी पिशवी, वर मेथीची जुडी डोकावतेय. मी पॅडवर वेळ टिपत होते. म्हणाल्या, "घड्याळात काय बघतेस गं, हात दे की." दिला. ते रीडिंग अर्थातच बाद करावं लागलं.

आता परिषद. उद्घाटन दीड तास लांबलं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रत्येक पाहुण्याला एक रोप. माझा 12 मिनिटांचा वेळ 7 वर आला. खोलीत नऊ जण. त्यातले सहा आपल्या नंबरची वाट बघणारे, दोन स्वयंसेवक आणि एक एसी दुरुस्त करायला आलेले काका, जे सर्वात लक्ष देऊन ऐकत होते. प्रश्न दोन आले. पहिला, "मशीन लर्निंग का वापरलं नाही?" दुसरा, "तिसऱ्या चौकात मंगळवारी सकाळी हिरवा दिवा इतका लांब कसा दिसतोय? बाकी आकड्यांशी जुळत नाही." दुसरा प्रश्न अचूक होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. अपवाद आहे म्हणून वेळ मारून नेली.

परत येताना गाडीत एकच विचार. हे सगळं वाचलं कोणासाठी? ज्यांच्या हातात सिग्नल आहे त्यातलं कोणी तिथे नव्हतं. नगररचना, वाहतूक, पाणी, घरं यांवर काम करणारे इथे बरेच आहेत. तुमचा एखादा पेपर परिषदेच्या दाराबाहेर पडलाय का कधी?

खवैय्या
मंगळवार, रात्री 10:52

जेवण कसं होतं?

ओसरी
मंगळवार, रात्री 10:58

@खवैय्या, पनीर. अजून काय असणार? दोन दिवस, चार जेवणं, चार प्रकारचं पनीर.

पायपीट
मंगळवार, रात्री 11:05

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे 'बाय द वे')... हा शब्द या धाग्यावर पहिल्यांदाच योग्य जागी वापरतोय. फक्त कडेला फुटपाथ पाहिजे होता.

आवकजावक
बुधवार, सकाळी 6:20

ताई, मी नगररचना विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालो. तुमचा पेपर कुठे जातो ते टेबलाच्या पलीकडून सांगतो.

प्राध्यापक महोदयांचं पत्र येतं. सोबत चौदा पानं, इंग्रजीत. पत्रात लिहिलेलं असतं, "आपल्या माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर." आवक शिक्का बसतो. साहेब वर शेरा मारतात, "पाहून सादर करा." ते खाली येतं. खालचा माणूस आधीच तीन पदांचं काम एकटा ओढत असतो. हे रडगाणं नाही. नीती आयोगाने 2021 च्या अहवालात लिहून ठेवलंय की देशाला 12,000 हून जास्त नगररचनाकार लागतील, मंजूर पदं 4,000 पण नाहीत, आणि त्यातलीही निम्मी रिकामी. तर तो माणूस चौदा पानं चाळतो, आलेख बघतो, आणि लिहितो, "माहितीसाठी. नस्तीबद्ध करावे." झालं. तुमचा पेपर कपाटात. मी स्वतः असे कितीतरी नस्तीबद्ध केलेत, आज कबूल करतो.

दोष कोणाचा? थोडा आमचा. पण पेपरात शेवटी काय लिहिलेलं असतं? "धोरणकर्त्यांनी याचा विचार करावा." अहो, धोरणकर्ता नावाचं टेबल आमच्या इमारतीत कुठल्याच मजल्यावर नव्हतं! काम कोणाच्या अधिकारात येतं, पथ विभाग, वाहतूक पोलीस की आम्ही, कोणत्या कलमाखाली येतं, खर्च किती, हे चार ओळींत मराठीत लिहा. त्यावर टिपणी तयार करता येते. चौदा पानांवर नाही करता येत.

आणि हत्यार तुमच्याच हातात आहे. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 26 प्रमाणे हरकती आणि सूचना मागवतात. त्या मुदतीत दिलेल्या कागदाला क्रमांक पडतो, मागाल तर नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते, अहवालात नोंद होते. मी किती सुनावण्यांना बसलो! बिल्डरचा वकील यायचा, आरक्षण पडलेला जमीनमालक यायचा, देवळाचे विश्वस्त यायचे. त्याच गावातल्या कॉलेजातला नगररचनेचा प्राध्यापक? एकदाच आला. तोही त्याच्या स्वतःच्या प्लॉटवरून रस्ता जात होता म्हणून.

पायपीट
बुधवार, सकाळी 8:02

आवकजावक काकांना दंडवत. वाचनखूण साठवली.

प्रमेय
बुधवार, सकाळी 9:40

मी या सुराशी सहमत नाही. आजकाल प्रत्येक संशोधनाला "पुढे काय उपयोग?" विचारायची टूम निघालीये. संशोधक म्हणजे महापालिकेचा बिनपगारी कारकून नव्हे.

गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची पाहणी केली. काम 1936-37 चं, पहिला भाग छापून आला 1945 ला, दुसरा 1952 ला. त्या वेळी कोणी विचारलं असेल का, "गाडगीळसाहेब, आवक क्रमांक काय?" पण त्या काळचं पुणं कसं कमवत होतं, कसं राहत होतं हे बघायला आज आपण तिथेच जातो ना? ओसरींनी पाच चौकांत टिपलेलं पन्नास वर्षांनी असंच कोणीतरी उघडेल.

परिषदेत नऊ जण होते म्हणून वाईट वाटून घेऊ नका. एक नेमका प्रश्न मिळाला ना? मला सबंध पीएचडीत असे दोन मिळाले. आणि तो दुसरा प्रश्न "अपवाद" म्हणून झटकलात हे मात्र चुकलं. माफ करा, शिक्षक आहे, राहवत नाही.

ओसरी
बुधवार, सकाळी 9:51

@प्रमेय सर, शेवटच्या वाक्यासाठी मान खाली. पण पन्नास वर्षांनी उघडेल हे त्या मेथीवाल्या आजींना कसं सांगू?

होळकरांचा_पाहुणा
बुधवार, दुपारी 1:15

इंदूरहून. नगररचनेचा पेपर वाचायचा तर पॅट्रिक गेडिससारखा वाचावा.

हा स्कॉटिश गृहस्थ नगररचनेचं एक मोठं प्रदर्शन घेऊन 1914 ला भारतात यायला निघाला. तो पोचला, पण प्रदर्शनाचं सामान ज्या जहाजात होतं ते 'क्लॅन ग्रँट' जर्मनांच्या 'एम्डेन' युद्धनौकेने बुडवलं. नकाशे, चित्रं, सगळं तळाला. आपली पेनड्राइव्ह उघडली नाही तर आपण रडकुंडीला येतो. या माणसाने मित्रांकडून पुन्हा साहित्य जमवलं आणि 1915 च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन मांडलं.

पुढे होळकरांनी त्याला इंदूरचा आराखडा करायला बोलावलं. शहरात प्लेग. लोकांना वाटलं हा गोरा घरं पाडायला आलाय, कारण प्लेगनंतर मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. गेडिसने एक दिवसाची महाराजगिरी मागून घेतली. दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि दवंडी पिटवली की मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या भागातली घरं आणि गल्ल्या सर्वात स्वच्छ, तिकडून जाईल. मग काय विचारता! सगळं शहर झाडू घेऊन बाहेर. मिरवणुकीत घाणीचा राक्षस, प्लेगचा उंदीर, शेवटी त्यांचं दहन. 1918 मध्ये त्याचा इंदूरचा अहवाल छापला गेला, तो आजही वाचनीय आहे. पण इंदुरी माणसाला विचाराल तर मी म्हणेन पेपर त्या मिरवणुकीत वाचून झाला होता.

प्रमेय
बुधवार, दुपारी 1:32

हा प्रतिसाद आवडला. पुरवणी: याच गेडिसने 1919 ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू केला. समाजशास्त्रज्ञ घुर्ये त्याचेच विद्यार्थी. म्हणजे मिरवणुकीसोबत खोलीत बसून शिकवणंही चालू होतं, एवढंच नम्रपणे.

खवैय्या
बुधवार, दुपारी 1:40

इंदूरच्या परिषदेत सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जेवण असेल तर मीही पेपर वाचतो. विषय तुम्हीच द्या.

वस्तीवाली
बुधवार, रात्री 9:10

मी तुमच्यातली नाही. वस्तीत बचतगटाचं काम करते, मुलगी हा धागा वाचून दाखवत होती म्हणून तिच्याकडून लिहून घेतेय. ताई, राग मानू नका.

आमच्याकडे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची मुलं फॉर्म घेऊन येतात. घरात किती माणसं, पाणी किती वाजता येतं, संडास किती लांब. चांगली असतात पोरं. चहा नको म्हणतात, मग पितात. मागे एका मुलीने टेपने आमची गल्ली मोजली, प्रत्येक उंबऱ्यापाशी वाकून. मी विचारलं, याचं काय होणार? म्हणाली, काकू, नकाशा होणार. नकाशा आम्हाला कोणी दाखवला नाही. पुढच्या वर्षी दुसरं कॉलेज आलं, तेच प्रश्न. माझी जाऊ तर आता फॉर्म बघूनच उत्तरं पाठ म्हणते.

तो नकाशा असता तर पुनर्वसनवाले आले तेव्हा आम्ही समोर धरला असता. त्यांच्या यादीत अकरा घरं गायब होती. तुमचा पेपर महापालिकेत जाऊ दे नाहीतर न जाऊ दे, आम्हाला एक झेरॉक्स द्यायला काय हरकत आहे?

ओसरी
बुधवार, रात्री 9:35

काकू, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मीही अशा सर्व्हेला मुलं पाठवलीत. जर्नलमध्ये त्यातले तुकडे तरी छापून येतात, नकाशे मात्र आमच्या विभागाच्या लोखंडी कपाटात आहेत. आवकजावक काकांच्या कपाटात आणि आमच्या कपाटात फरक एवढाच की आमच्याला कुलूपही नाही आणि तरी कोणी उघडत नाही. तुमची वस्ती कुठली ते व्यक्तिगत निरोपात कळवा, शोधते.

जर्सीकर
गुरुवार, सकाळी 7:30

अमेरिकेतून लिहितोय, वाहतूक अभियंता आहे. इथे सगळं आलबेल आहे असं सांगायला नाही आलो, पायी चालणाऱ्यांचे हाल इथेही आहेत. पण ओसरींच्या नेमक्या विषयावर एक गोष्ट.

दर जानेवारीत वॉशिंग्टनला ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाची बैठक भरते. दहा हजारांवर माणसं. पेपर तिथेही घाईघाईत वाचतात, पोस्टरसमोर तिथेही कोणी थांबत नाही, सँडविच तिथेही सुकं (@खवैय्या, पनीर परवडलं). फरक समित्यांचा. एकेका विषयाची स्थायी समिती, तिच्यात प्राध्यापकांच्या शेजारी राज्यांच्या वाहतूक खात्यांचे अभियंते बसतात. पेपर तपासणारे तेच. म्हणजे सिग्नल ज्याच्या हातात आहे त्याने पेपर वाचलेला असतो, नाइलाजाने का होईना.

इथल्या सिग्नलच्या राष्ट्रीय नियमावलीत पादचाऱ्याचा वेग सेकंदाला 4 फूट धरायचे, म्हणजे तुमचा तो 1.2 मीटरच. म्हाताऱ्या माणसांच्या चालण्यावर बरंच संशोधन साचत गेलं आणि 2009 च्या आवृत्तीत तो 3.5 फूट केला. अर्धा फूट! त्यासाठी कितीजणांनी किती वर्षं स्टॉपवॉच धरलं असेल विचार करा. त्यातलेही बरेच नऊ जणांसमोरच बोलले असणार.

पायपीट
गुरुवार, सकाळी 7:44

सिंगापूरला 2009 पासूनच ज्येष्ठांचं कार्ड सिग्नलच्या खांबाला टेकवलं की हिरवा माणूस जास्त वेळ चालतो. 13 सेकंदांपर्यंत वाढ मिळते. आपल्याकडे खांबाला कार्ड टेकवायला गेलं तर शॉक बसेल. हलके घ्या.

दोनकॉलमी
गुरुवार, दुपारी 12:05

चर्चा फार सात्त्विक चाललीये. मूळ रोग कोणीच बोलत नाही. परिषदा भरतात पॉइंटांसाठी. बढतीला पेपर लागतात, पेपराला परिषद लागते, परिषदेला फी लागते. मी एका "आंतरराष्ट्रीय" परिषदेत गेलो होतो. आंतरराष्ट्रीय का? तर एक वक्ता परदेशातून व्हिडिओवर येणार होता, त्याचंही नेट गेलं. आमच्या सत्रात पाच पेपर आणि उत्तम पेपराची बक्षिसं पाच. माझं प्रमाणपत्र अजून आहे, त्यावर माझं आडनाव चुकलंय. सगळ्यांत जास्त वेळ ग्रुप फोटोला गेला.

ज्या परिषदेत फी भरली की पेपर आपोआप स्वीकारला जातो, तिथला कागद महापालिकेने का वाचावा?

माटुंगा_रोड
गुरुवार, दुपारी 12:50

@दोनकॉलमी, सगळ्या तशा नसतात. मे 2019 मध्ये पवईला आयआयटीत जागतिक परिवहन संशोधन परिषद झाली, मी स्वयंसेवक होतो. एका पाहुण्यांना त्यांच्याच हट्टापायी संध्याकाळी कांजूरमार्ग स्टेशनच्या पुलावर नेलं. सत्रात तिसऱ्या रांगेत पेंगणारा माणूस पुलावर अर्धा तास कठड्याला चिकटून उभा. पायऱ्या मोजल्या, रुंदी पावलांनी मोजली, आणि मला विचारलं, "इथे खाली पडलेली चप्पल परत कशी मिळते?" मी म्हटलं, मिळत नाही. वहीत लिहून घेतलं त्यांनी.

आवकजावक काकांच्या मुद्द्याला मात्र एक जबरदस्त पुरावा आहे, कोणी कसा काढला नाही? 1964 ला मुंबईचा प्रारूप आराखडा आला, लोकांकडून सूचना मागवल्या. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी सूचना दिली की शहर उत्तरेला ताणत बसण्याऐवजी खाडीपलीकडे न्या. 1965 ला 'मार्ग' नियतकालिकात ते मांडलं. 1970 ला नवी मुंबई उभारायला सिडको हे सरकारी महामंडळ झालं. नवी मुंबईचं पुढे जे झालं त्यावर वेगळा धागा निघेल (भूमिपुत्रांच्या जमिनींचा विषय तर नक्कीच), पण सुरुवात "हरकती व सूचना" या खिडकीतूनच झाली.

प्रमेय
गुरुवार, दुपारी 1:10

तिघंही विद्यापीठाच्या नोकरीत नव्हते, व्यवसाय करणारे होते. त्यामुळे हा दाखला नक्की कोणाच्या बाजूने जातो?

माटुंगा_रोड
गुरुवार, दुपारी 1:14

तुमच्या बाजूने नक्कीच नाही सर. :)

आवकजावक
गुरुवार, दुपारी 4:00

2015 चंही लिहा. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा शासनाला मागे घ्यावा लागला तो चुका दाखवल्यामुळेच. संस्था आणि नागरिक एकेक नकाशा घेऊन बसले होते, जागेवर काय आहे आणि कागदावर काय दाखवलंय. शेवटी 2018 ला मंजुरी मिळाली. त्यात पेपर वाचणारे किती होते माहीत नाही, पण गल्लीत जाऊन आलेले होते.

ताई, तुमचं पत्र लिहून झालं का? इथेच टाका, दुरुस्त करून देतो. पहिल्या वाक्यात "महोदय" नंतर लगेच चौकाचं नाव आणि मागणी. प्रस्तावना नको.

ओसरी
पुढच्या बुधवारी, रात्री 8:15

उशीर झाला, क्षमस्व. आधी वस्तीवाली काकूंसाठी. नकाशा सापडला. 2016 च्या बॅचचा आहे, ए-झिरो कागदावर, कडेला उंदराने कुरतडलेला. अकरापैकी नऊ घरं त्यावर दिसतात. रविवारी दोन प्रती आणि मोजमापाचे कागद घेऊन येते. चहा लगेच पिणार आहे, नाही म्हणणार नाही.

आता चौक. काकांनी दुरुस्त केलेलं पत्र (एक पान, मराठी, मूळ मसुद्यात तीन होती) वाहतूक शाखेत दिलं. आवक क्रमांक मिळाला, त्याचा फोटो फ्रिजवर लावलाय. पत्र दिल्यावर म्हटलं एकदा तिसऱ्या चौकात जाऊन बघू. काल मंगळवारच होता. सकाळचे साडेसात. तिथले हवालदार सिग्नलच्या पेटीपाशी उभे. पेटीचं दार उघडं. मी ओळख सांगितली, विचारलं, हिरवा इतका वेळ कसा?

"मंगळवार ना मॅडम. देवळात म्हातारी माणसं येतात. साडेसात ते नऊ मी हातानेच सोडतो. शेवटची बाई पलीकडे गेली की मग गाड्या. मागच्या हवालदारांनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी."

म्हणजे माझा "अपवाद". मी चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर उभी राहून वेळा टिपत होते, पेटी झाडामागे होती. एकदाही पलीकडे जाऊन विचारलं नाही. मी त्यांना विचारलं, किती सेकंद देता? म्हणाले, मोजत नाही, बघतो.

प्रमेय सर, पेपर मागे घेऊन दुरुस्त करतेय. परिषदेत तो प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा ईमेल शोधते, त्यांना आधी कळवते. काका, आता अडचण तुमच्या खात्यातली: पत्रात मी मागितलंय की वेळ 30 सेकंद करा. हवालदारांची पद्धत त्याहून बरी आहे, पण ती लिहून मागायची कशी? आणि लिहून दिली तर त्यांच्यावर कोणी "पेटी विनापरवाना का उघडली" असं काढणार नाही ना?

आवकजावक
बुधवार, रात्री 8:40

पत्रात हवालदारांचा उल्लेख अजिबात नको. पुरवणी पत्र द्या, "मंगळवारी व चतुर्थीला सकाळी मनुष्यबळाद्वारे नियंत्रण सुरू ठेवावे." सुरू ठेवावे. करावे नाही. पहिल्या पत्राचा आवक क्रमांक संदर्भात टाका. मसुदा उद्या सकाळी देतो.

खवैय्या
बुधवार, रात्री 8:43

आणि चतुर्थीला देवळात प्रसाद काय असतो तेही विचारून ठेवा.